कालेर म्हणजे काल्हेर

तान्ह्या उन्नतीच्या रक्ताचा रिपोर्ट चार दिवस सापडत नव्हता. काल्हेरची क्षितिजा, तिची आई, तिला थोपटत दवाखान्याच्या खिडकीशी उभी होती. आत कॉम्प्युटरवाले मनोज सर रिपोर्ट देणाऱ्या रमशाला समजावत होते.

“‘कालेर’ दिसलं की ‘कल्याण’ करायचं, असं प्रोग्राममध्येच ठोकलेलं होतं. म्हणून काल्हेरचे रिपोर्ट कल्याण शाखेत.”

“आणि तुम्ही ठाण्याहून येईपर्यंत शिव्या मला!”

“आता हा तक्ता. डावीकडे लोक लिहितात ते, उजवीकडे खरं गाव. प्रोग्राम इथे बघेल. ओळ तूच भर.”

“मी? बिघडलं तर?”

“पुसायची. गावं तुला माहीत, मला कुठे?”

रमशानं कीबोर्डवर ‘कालेर – काल्हेर’ अशी ओळ भरली.

“ताई, उन्नती ना? आला बघा! नॉर्मल लिहिलंय.”

“देवासारख्या भेटलात हो!”

“मी कसली, सर भेटले.”

“माझ्या माहेरच्या अंबाडीला लोक ‘आंबाडी’ लिहितात. तेही भरा ना. तिथल्याही आया येतात इथं.”