मिठागरातल्या दोन गाड्या

...आणि वर मलाच म्हणतात, ‘प्रभावती, तुला फार घाई असते!’

घाई? अहो, चार वर्षं झाली! चार वर्षांत माणूस मीरा रोडहून पायी निघाला असता ना, तरी लडाखला पोचून, बर्फ बघून, परत येऊन, पायाला तेल चोळून झोपलासुद्धा असता. आणि आम्ही कुठवर पोचलो? तर पान सत्त्याऐंशी! रजिस्टर आहे ना आमच्याकडे, दोनशे पानी, पुठ्ठ्याचं. ह्यांनी कंपनीच्या स्टोअरमधून आणलेलं. हे तिथे स्टोअरकीपर आहेत, त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की आधी तिची नोंद करायची, मग तिला हात लावायचा, अशी सवय. लग्नात मला हार घालतानाही थोडा वेळ लावला होता, पण ते जाऊ दे...

तर २००३ साली ह्यांनी टीव्हीवर एक कार्यक्रम पाहिला. एक गोरा माणूस उंचच्या उंच जीपगाडीत बसून देशांमागून देश पालथे घालतोय, गाडीतच झोपतोय, गाडीतच अंडी तळतोय, नदी आली की पूल शोधत नाही, सरळ पाण्यात घालतो! झालं. हे उठले, खाली गेले, तळमजल्यावरच्या दशरथ भावोजींना घेऊन वर आले, आणि दोघांनी ठरवलं की अर्धी आपली, अर्धी त्यांची, अशी एक डोंगरावर चढणारी गाडी घ्यायची आणि दोन्ही जोडप्यांनी लडाखला जायचं. मी म्हटलं, कधी? हे म्हणाले, ‘आधी गाडी ठरू दे, मग निघायचंच!’

मी वेडी, त्याच रात्री स्वेटर विणायला घेतला.

तुम्हाला सांगते, माझं माहेर लांज्याचं, सासर संगमेश्वरचं आणि संसार मीरा रोडला. म्हणजे माझं सगळं जग एकाच एसटीच्या रस्त्यावर! बर्फ मी पाहिलाय तो फ्रीजमधला, तोही दर पंधरा दिवसांनी स्वतः उलथन्याने खरवडून काढलेला. मला फार नको होतं हो काही. एकदा डोंगरावर पडलेला बर्फ बघायचा, हातात घ्यायचा, बस्स. त्याला गाडी चारी चाकांनी ओढणारी हवी की दोन चाकांनी, मला काय करायचंय? पण नाही... आधी गाडी ठरू दे!

मग सुरू झालं ते. रविवार आला की शोरूम. रजिस्टरमध्ये रकाने काय, तर गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, पाण्यात किती खोल जाते, चढाला नाक कुठे आपटतं, उतारावर शेपूट कुठे घासतं... अहो, माझ्या शाळकरी दिवसांतल्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन हा माणूस आमच्या सोसायटीच्या उतारावर पालथा पडून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे कोन मोजायचा! वॉचमन मला हळूच विचारतो, ‘भाभी, साहब को चक्कर आया क्या?’ मी म्हटलं, हो रे बाबा, चार वर्षांपासून येतेय.

आणि शोरूममध्ये मला कशाला न्यायचे माहीत आहे? झोपायला! हसू नका, खरंच सांगते. मागची सीट पाडून झोपता येतं का, ते बघायचं होतं. ‘अगं, आडवी हो ना, उंची कळू दे.’ आता समोर तीन विक्रेते, एक गुजराती कुटुंब, काचेबाहेर रस्ता... आणि मी नऊवारी नाही म्हणून काय झालं, पाचवारीत का होईना, एका गाडीच्या डिकीत ह्यांच्या शेजारी डोळे मिटून! पुढच्या रविवारी तर घरातला कुकर घ्यायला लावला. कशाला? तर मागच्या दाराच्या फळीवर राहतो का बघायला. तो विक्रेता म्हणाला, ‘आंटी, गॅस मत जलाना हां.’ मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

बरं, इतकं करून एखादी ठरावी ना? ठरतही यायची! दोघं एकमेकांना टाळी द्यायचे, मी स्वेटरची बाही पुरी करायला घ्यायची, आणि त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात... नवीन मॉडेल! की लगेच दशरथ भावोजी धापा टाकत वर, ‘सहादेव, थांब, हिला दुसरा गिअरचा दांडा आहे!’ की लगेच नवीन पान, नवे रकाने, आणि मी काही म्हणायच्या आत, ‘आधी गाडी ठरू दे...’

मग ह्या वर्षी काय झालं, आमच्या बी विंगमधल्या सुलूने हिमाचलची बस काढली. सुलू म्हणजे बोलण्यात आगगाडी आणि कामात विमान. बायका-बायका, कुणाचा नवरा आला तर तोही, मे महिन्यात अकरा दिवस, बर्फ नक्की! नावं द्यायची शेवटची मुदत, रविवार, संध्याकाळी सहा. ‘प्रभा, सहानंतर यादी गेली म्हणजे गेली. तीन जागा उरल्यात. मग रडत येऊ नकोस.’

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा असा झाला, जणू मी दुसरं लग्न करते म्हणाले! ‘बसने? अगं, आपली स्वतःची गाडी येणार, आणि तू बसने? हवं तर ह्या रविवारी सोक्षमोक्ष लावतो. दोनच उरल्यात. एक तांबडी, एक पांढरी. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी चालवून बघायच्या. तू ये, तूच सांग, आणि चारच्या आत घरी!’

कंपन्यांची नावं मी घेत नाही, बिचाऱ्यांचा काही दोष नाही. पण कुठल्या शोरूमवाल्याला कधी असं सांगितलं असेल हो, की तुमची गाडी घेऊन या, आणि तुमच्या वैऱ्याचीही येतेय? दोघांनाही न सांगता बोलावलेलं! तांबडीबरोबर निकेत नावाचा विक्रेता, टाय लावलेला. पांढरीबरोबर रोहित, त्याचा टाय त्याहून मोठा. दोघं समोरासमोर आले आणि एका मुलीला बघायला एकाच मुहूर्तावर आलेले दोन नवरे उभे राहावेत तसे उभे राहिले.

आणि जागा कुठली? आता मीरा-भाईंदरमध्ये लडाख कुठून आणणार! आधी वरसाव्याच्या चढाचं ठरत होतं, पण तिथे दोन्ही गाड्या हसत हसत चढतात म्हणे, फरकच कळत नाही. मग ह्यांना सुचलं, नवघरच्या पलीकडचं मिठागर! एक पडीक तुकडा होता, कोरडा, पांढरा, भेगा पडलेला. हे म्हणाले, ‘बघ, अगदी त्या टीव्हीतल्यासारखं दिसतं की नाही?’ दिसत होतं हो. तिथेच तर घात झाला.

बांधावर मिठागराचा राखणदार बसलेला, धाकू म्हणून, डोक्याला फडकं. त्याने बिडी खाली ठेवून सांगितलं, ‘सायेब, तिकडं नका जाव. वर पापडी हाय, खाली समदा चिखल हाय. आमी मानसं पन फली टाकून जातो.’

आणि हे काय म्हणाले? ‘काका, ही फोर बाय फोर आहे.’

धाकू म्हणाला, ‘आसंल. चिखलाला काय म्हाईत?’

मी मागच्या सीटवर. तांबडीत. ह्यांनी चाक धरलेलं, शेजारी निकेत, दशरथ भावोजी मागून पांढरीत. मी म्हटलं, अहो, तो माणूस इथलाच आहे, त्याचं ऐका. ‘प्रभावती, घाई करू नकोस!’ घाई मी करत होते? अहो, मी तर थांबा म्हणत होते!

गाडी निघाली. दहा पावलं... वीस... ह्यांचा चेहरा आरशात असा फुललेला, की मलाही वाटलं, आहे बुवा गाडीत काहीतरी... आणि एकदम पापड मोडल्यासारखा आवाज आला. कर्रर्र. आणि आम्ही खाली! पुढचं चाक गेलं, मग दुसरं, मग ह्यांनी तो दुसरा गिअरचा दांडा ओढला, चारही चाकं एकदम फिरली, आणि चारही चाकांनी मिळून गाडीला एकदिलाने खाली नेलं! चारी चाकांची ताकद म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मग पांढरी आली दोर घेऊन. रोहित तर खुशीत, ‘अंकल, देखो, अब हमारी गाडी आपकी गाडी को निकालेगी.’ धाकू बांधावरून ओरडतोय, ‘आरं नको, आरं नको...’ पांढरीने दोर ताणला. कर्रर्र!

आता दोन. शेजारी शेजारी. पोटापर्यंत काळ्या चिखलात, जशा काही दोन म्हशी डुंबायला आल्यात.

पुढचे दोघं खिडक्यांतून बाहेर पडले, मी मागचं दार उघडायला गेले तर उघडेना. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून मागच्या दाराला एक खटका असतो म्हणे, तो लावलेला! आणि बाहेरून उघडावं तर चिखल दाराला टेकलेला. वय वर्षं सत्तेचाळीस, दोन्ही गुडघे दुखरे, आणि मी लहान मुलासारखी कोंडलेली! काच तेवढी अर्धी खाली आली. त्या अर्ध्या काचेतून मी बघतेय, आणि आमचे हे, गुडघाभर चिखलात उभे राहून, पट्टीने मोजतायत! मला वाटलं, किती खोल अडकलोय ते मोजतायत. कसलं हो! ओरडून भावोजींना सांगतात, ‘दशरथ, तांबडी चौदा इंच! तुझी?’

‘सोळा!’

‘म्हणजे तांबडी दोन इंचांनी चांगली!’

रोहित म्हणतो, ‘ये गलत है सर, हमारी दो मिनट बाद डूबी है, फिर भी...’ निकेत म्हणतो, ‘बाद में डूबी पर ज्यादा डूबी!’ तो त्याच्या टायला हात घालतो, हा ह्याच्या, आणि भावोजी मध्ये पडून म्हणतायत, ‘वजनाप्रमाणे हिशेब करा, वजनाप्रमाणे!’

घड्याळात सहाला पाच कमी. सुलूची यादी सहाला. आणि धाकू बांधावरून शांतपणे सांगतो, ‘त्या अंगाला बांध फुटलाय. सांजच्याला भरती हाय. पानी येल आत. मी नवघरास्नं टॅक्टर आनतो.’

मला वाटलं, आता तरी घाबरतील. तर ह्यांचे डोळे चमकले! ‘प्रभावती, पाणी येतंय म्हणे! दोन्हींची पाण्याची परीक्षाही आजच होईल!’

तिथे माझं काहीतरी तुटलं बघा. चार वर्षं मी एका शब्दाने बोलले नव्हते. मी म्हटलं, ‘अहो, इकडे या.’ माझा आवाज काही मोठा नव्हता, पण दोन्ही टाय सुटले. हे चिखलातून एकेक पाय उपटत काचेपाशी आले. मी म्हटलं, ‘फोन द्या.’

‘कशाला? ट्रॅक्टर येतोय ना...’

‘फोन द्या. मला सुलूला नाव द्यायचंय. मी बसने जाणार.’

‘अगं, पण आता तर ठरतच आलंय, फक्त पाणी...’

‘ठरू दे की! तुम्ही सावकाश ठरवा. अजून एकशे तेरा पानं आहेत, पुरवून पुरवून वापरा. मला काही तुमचा राग नाही. पण माझे गुडघे ह्यापुढे चांगले व्हायचे नाहीत, आणि बर्फ काही घरी येऊन आडवा पडायचा नाही, ‘बाई, मोजून घ्या माझी उंची’ म्हणत. मला एकदा जाऊ द्या.’

ह्यांनी पट्टी खिशात ठेवली. फोन पॅंटला पुसून, नंबर लावून अर्ध्या काचेतून आत दिला आणि तिथेच उभे राहिले, मान खाली घालून. आणि कधी नव्हे ते इतके बारीक दिसले हो मला! कोपरापर्यंत काळे, चष्म्यावर चिखल, आणि चार वर्षं जपलेलं ते सगळं एका संध्याकाळी पोटापर्यंत बुडालेलं.

‘हं, बोल प्रभा, मी निघालेच यादी घेऊन,’ सुलू तिकडून, ‘देतेस ना नाव? एक लिहू की दोन?’

एक म्हणायचं होतं. देवाशपथ सांगते, जिभेवर एकच होतं. अकरा दिवस, खिडकीची जागा, बायकांच्या गप्पा आणि डोंगर... पण हे नेमके तेव्हाच वर बघून हळूच म्हणाले, ‘स्वेटर घेऊन जा, तिथे थंडी असेल.’

मी म्हटलं, ‘सुलू, दोन लिही.’

आणि मला सांगा, दुसरा कुणी माणूस असता तर काय म्हणाला असता? आभार मानू नका एक वेळ, पण निदान हसावं! ह्यांचा चेहरा एकदम उजळला, दोन्ही हातांनी काच धरून डोकं आत घातलं, आणि म्हणाले,

‘तिला विचार ना पटकन, बस कुठल्या कंपनीची आहे? मी बाकीच्यांशी ताडून बघतो, मग कळवू तिला!’

‘सुलू!’ मी ओरडले, ‘सुलू, एकच लिही गं, एकच!’

पण सुलूने फोन कधीच ठेवला होता... यादी निघाली होती. दोन नावांची.