पान सोळा

ग्लेनिस : पुन्हा मोजलं, मर्व्हिन. चारशे बाराच भरतात.

मर्व्हिन : चारशे बारा जणांनी डग्लसचा लेख वाचला? कोरड्या जमिनीतल्या अर्थिंगवरचा? मला नाही पटत.

ग्लेनिस : वाचला की नाही ते मी ग्रंथपाल कशी सांगू? आपापल्या लेखात त्याचा संदर्भ दिलाय, एवढंच मोजलं. आपल्या जर्नलच्या चाळीस वर्षांत इतके संदर्भ कुणालाच नाहीत. वर्धापनाचा सन्मान त्याचाच.

मर्व्हिन : आणि मला किती?

ग्लेनिस : तीन.

मर्व्हिन : त्यातला एक माझा मीच दिलेला.

ग्लेनिस : दोन.

मर्व्हिन : बरं, दोन. कॅल्गुर्लीच्या ऑफिसात एकाच खोलीत बसायचो आम्ही. त्यानं सहा पानं खरडली, मी वीस. तेव्हापासून जळतोय, तुझ्यापासून काय लपवायचं? पण यात एक मेख आहे. त्याचा लेख पान एकसष्टवर सुरू होतो ना? या लेखांतल्या संदर्भयाद्या बघ. इथे पान सोळा. इथेही सोळा. मूळ अंक कुणी उघडलाच नाही, एकमेकांचं बघून उतरवलं. सोळावाले वजा कर.

ग्लेनिस : तीनशे एकाहत्तर आहेत. कालच लक्षात आलं माझ्या.

मर्व्हिन : म्हणजे उरले एक्केचाळीस. आता कळू दे सगळ्यांना.

ग्लेनिस : मग मागे मागे जात मी पहिला सोळा शोधला.

मर्व्हिन : कोण तो महाभाग?

ग्लेनिस : चहा घे आधी. लॅमिंग्टन केकही आहे.

मर्व्हिन : कोण, ग्लेनिस?

ग्लेनिस : सत्त्याऐंशी सालचा अंक. तुझा लेख, शेवटची संदर्भयादी, चौथी ओळ.

(मर्व्हिन अंक उघडून ती ओळ बघत राहतो.)

मर्व्हिन : आकडे उलटे टंकले मी.

ग्लेनिस : तुझ्याआधी सगळ्यांनी एकसष्टच लिहिलंय. सोळा तुझ्यापासून सुरू झालं. काहींनी तुझ्यावरून उतरवलं, बाकीच्यांनी त्यांच्यावरून.

मर्व्हिन : म्हणजे माझा लेख उघडला होता लोकांनी.

ग्लेनिस : निदान शेवटचं पान तरी.

मर्व्हिन : आणि त्यातून उचललं काय, तर डग्लसचं नाव. त्याला मोठा मीच केला की गं.

ग्लेनिस : वर्धापन अंकात या सगळ्या संदर्भांची यादी छापायचीय, पानांच्या आकड्यांसकट. सोळावाले वजा करायचे का, संपादकबाईंना विचारू?

मर्व्हिन : नको. चारशे बारा राहू देत त्याचे.

ग्लेनिस : मग पान तरी दुरुस्त करते.

मर्व्हिन : तेही असू दे, ग्लेनिस. त्या यादीत माझं म्हणून तेवढंच आहे.