पाहुणचार अंगाशी आला

बसला उशीर होता. मागच्या बाकावर दोन जावा बोलत होत्या. वाटण्या झालेल्या, शेतं दोघींची कोरडवाहू आणि बांधाला बांध लागून.

"जाऊबाई, तुम्हाला मदत मिळाली आणि आम्हाला नाही. पाऊस तर दोघींवर सारखाच रुसला."

"पाहणीला साहेब आले तेव्हा तू काय केलंस?"

"घर झाडलं. त्यांना बसायला तुमची खुर्ची आणली. चहालाही तुमच्याकडचंच दूध नेलं होतं."

"म्हणून आमच्याकडे ते जमिनीवर बसले आणि कोरा चहा प्यायले."

"आज मी कचेरीत गेले, तर साहेब म्हणाले, तुमच्याकडे हलाखी दिसली नाही."

"दिसणार कशी? तू झाडून काढलीस."

"हसा तुम्ही."

"बरं, पाहणीच्या वेळी आणखी काय विचारलं त्यांनी?"

"दोन वेळा पोटभर जेवता का म्हणून."

"मग?"

"हो म्हटलं."

"अगं, का?"

"सासूबाई समोरच बसल्या होत्या. सगळ्यांना वाढून झाल्यावर माझ्या ताटात काय उरतं, ते त्यांना ठाऊक नाही. त्यांच्यादेखत कसं सांगू?"



"उद्यापासून दुपारी माझ्याकडे येत जा."

"आणि सासूबाईंना काय सांगू?"

"सांग, मोठीनं कामाला बोलावलंय."

"काम कसलं?"

"माझ्यासमोर बसून जेवायचं."