बंद न होणारी गरम सीट

अहो, मी काय विमान मागितलं होतं का? एक स्विच! चालू होतो तसा बंदही होणारा एक स्विच...

तुम्हाला सांगतो, म्युनिकला शिकत असताना तिथल्या गाडीत पहिल्यांदा गरम सीटवर बसलो आणि डोळ्यांसमोर आली ती आईची कंबर! आमच्या मारेगावात थंडी पडली की ती अशी धरते की जरा वेळ गाडीत बसलं तरी उतरताना आईला दोघांनी धरावं लागतं, आणि मी शिकून परत येतो तो माझ्या बहिणीचं, अपेक्षाचं, साक्षगंध (साखरपुडा हो!) ठरलं बाभुळगावला, ऐन जानेवारीत! आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी घरीच राह्यते." पोरीचं साक्षगंध आणि आई घरी? मी पेटलो! म्हटलं, जे सुख बर्फातल्या लोकांना मिळतं ते माझ्या आईला का नको? बाबांची जुनी डिझेल गाडी होतीच. सीटच्या कव्हरखाली घालायच्या गरम गाद्यांची जोडी मागवली, वायर, रिले, फ्यूज, आणि तो सोन्यासारखा स्विच... कमी, जास्त, बंद!

जोडणीला बोलावलं धरमसिंगला, कारण आमच्या शेतातल्या मोटारपंपाची वायरिंग त्याचीच. मी चित्र काढून समजावलं, किल्लीवरून लाईन, मग फ्यूज, मग रिले, मग स्विच. तो "हौ... हौ" करत होता, मी कृतार्थ! संध्याकाळी पाहतो तर डॅशबोर्डवर स्विचच नाही!

"धरमसिंगभाऊ, स्विच?"

"कायले पायजे? ऑटोवर टाकलं ना! किल्ली फिरवली का सीट सुरू. शेतात लाईन कव्हा येते, आपल्याले मालूम राह्यते का? मंग पंप ऑटोवरच ठेवतो ना आपण?"

"अहो, पण बंद कशी करायची?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं... "आलेली लाईन कोणी बंद करते का, भाऊ?"

सांगा, याचं उत्तर कोणत्या विद्यापीठात शिकवतात? आणि सकाळीच निघायचं! एक स्विच हो, फक्त एक स्विच!

निघालो. बाकीची मंडळी जीपने पुढे, आम्ही मायलेक मागे. आई खूश! "किती बरं वाटून राह्यलं रे!" पण गाद्यांची जोडी होती ना... दुसरी माझ्याखाली! बाहेर लोक शेकोटीशी बसलेले आणि मी घामाने निथळतोय! करंजीजवळ सहन होईना, थांबलो, फ्यूज उपटला... गाडीच गप्प! धरमसिंगने लाईन इंजिनच्याच फ्यूजवरून घेतलेली! सीट बंद तर गाडी बंद! फ्यूज परत खोचला, पण दोन गाद्यांनी वाटभर ओढून बॅटरीने मान टाकलेली. टपरीवरच्या लोकांनी धक्का मारला, मी उघड्या दारातून स्टिअरिंग धरून बाजूने पळतोय, आणि एक जण विचारतो, "काय दादा, आतमंदी आंघोळ केली का?"

पोहोचलो एकदाचे! हॉलसमोर गाडी उभी, इंजिन चालूच, बंद केलं तर पुन्हा धक्का. मी दार उघडलं. "आई, चल."

आई हलेना!

"शेकू दे ना रे जराशी. उठली का कंबर पुन्हा धरते."

"अगं, अपेक्षा वाट पाहतेय!"

"तिले सांग, माय आली म्हणा."

म्हणजे हॉलच्या दारापर्यंत आणली आणि साक्षगंध आईविनाच होणार? मी हात जोडले, अक्षरशः हात जोडले! तेवढ्यात मुलाची आई, कांताबाई, बाहेर आल्या. "काहून हो, विहीणबाई उतरून नाही राह्यल्या?" आईने माझी सीट थोपटली. "या ना, बसून तर पाहा." झालं! मी खाली, कांताबाई स्टिअरिंगमागे! डोळे मिटून म्हणतात, "अगा माय वं... पोराले इकडंच बलवा!"

मग काय? अपेक्षा आणि मुलगा गाडीशी आले, कुंकू खिडकीतून, अंगठ्या बोनेटवर, टाळ्या रस्त्यावर! आईने अपेक्षाच्या तोंडावरून हात फिरवला, रडली, हसली... आणि मी? शर्ट चिंब, पँटला धूळ, दाराशी पहारा, "बाई, किल्लीला हात लावू नका हो!"

मुलाचे काका आले, मला वरून खाली पाहिलं. "काय रे, मुलीचा भाऊ फॉरेनात शिकला म्हणते. कुठं हाय तो?" मी तोंड उघडणार, तोवर हातात ताट! "खाऊन घे बाप्पा. ड्रायव्हर लोकायचे लय हाल राह्यतात. बस कुठं तरी."

उभ्यानेच जेवलो. खरं सांगू? त्या दिवशी मला बसायचंच नव्हतं.