अकरा दिवसांची फुलं

फुलवाली: थांब थांब, ते कौतुक राहू दे. आधी सांग, हे देठ कुणी कापले?

चिऊची आई: कापले? कुणी नाही. तुम्ही दिलेत तसे बरणीत ठेवले. अकरा दिवस झाले मावशी! आज बरणीसकट ऑफिसात नेली, तर सगळ्या बघतच राहिल्या. आज लवकर सुटले, म्हटलं, घरी जाता जाता तुम्हालाही दाखवावीत. पाण्यात टाकायला दिलेली ती पुडी आहे की जादू!

फुलवाली: डोंबलाची जादू! थोडी साखर, थोडं आंबट आणि जंतू मारायला चिमूटभर औषध. दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होतं, वास मारतं. तू बदललंस पाणी?

चिऊची आई: नाही हो. वेळ कुठे असतो?

फुलवाली: आणि पुडी मी एकच दिली होती.

चिऊची आई: हो, एकच.

फुलवाली: मग हे पाणी इतकं स्वच्छ कसं? देठ मी हातभर दिले होते, आता वीतभर राहिलेत. काप बघ, तपकिरीसुद्धा पडलेला नाही. कालचा आहे फार तर.

चिऊची आई: चिऊनं केलं असेल.

फुलवाली: सात वर्षांची पोर ना ती? गुलाबाचे देठ असे एकसारखे तिरपे कापेल? उगाच काहीतरी बोलू नकोस.

चिऊची आई: मावशी, घाबरवू नका ना. घरात आम्ही दोघीच. कुलूप नवं. पत्ता माझ्या सख्ख्या भावालाही दिलेला नाही, कशाला, तर नवऱ्याला कळू नये म्हणून.

फुलवाली: दिसतो कसा गं तो?

चिऊची आई: का?

फुलवाली: मागच्या मंगळवारी एक जण आला होता. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. रिकामी पुडी पुढे केली, म्हणाला, अशाच पाच द्या, फुलं नकोत. देठ कसा कापायचा तेही विचारलं. मीच दाखवलं गं, माझ्या या हातांनी! म्हणाला, बायकोला हौस भारी, पण हिला एक गोष्ट धड सांभाळता येत नाही.

चिऊची आई: काय म्हणाला?

फुलवाली: हिला एक गोष्ट धड सांभाळता येत नाही.

चिऊची आई: तोच. आठ वर्षं हेच ऐकलंय. हात उगारायच्या आधी हेच म्हणायचा. मावशी, पण तो आत शिरतो कसा?

फुलवाली: बस इथे. किल्ल्या किती आहेत?

चिऊची आई: दोन. एक माझ्याकडे, एक चिऊच्या दप्तरात. ती तीनला येते, मी सहाला. किती वाजले?

फुलवाली: साडेतीन. लाव फोन.

(ती फोन लावते. पलीकडचा आवाज दोघींना ऐकू येतो.)

चिऊ: आई! आत्ता कसा फोन केलास?

चिऊची आई: सहज गं राणी. एकटीच आहेस ना?

चिऊ: ते सांगायचं नाही, असं बाबा म्हणतात.

चिऊची आई: बरं. नको सांगूस.

चिऊ: आई, बाबा विचारतायत, फुलं कुठे नेलीस?

फुलवाली: (हळूच) बोलत राहा. मी माझ्या फोनवरून पोलिसांना लावते. आवाज कापू देऊ नकोस.

चिऊची आई: फुलं माझ्याकडेच आहेत, सांग त्यांना. मी खाली गेटपाशी आलेय. बरणी जड आहे, हातातून निसटतेय. तू येतेस घ्यायला?

चिऊ: बाबा म्हणतात, तू नको, दोघी मिळून फोडाल. ते स्वतःच येतायत.

चिऊची आई: निघाले?

चिऊ: चपला घालतायत. गेले.

चिऊची आई: किल्ली?

चिऊ: त्यांच्या खिशात. मी आले की घेतात, जाताना परत देतात.

चिऊची आई: चिऊ, स्टुलावर चढ आणि दाराची वरची कडी लाव. पळ!

चिऊ: लावली. आई, तू रडतेयस?

चिऊची आई: नाही गं. मी आणि मावशी पोलिसकाकांना घेऊन येतोय. तोवर कुणीही हाक मारली तरी उघडायचं नाही.

चिऊ: बाबांनी मारली तरी?

चिऊची आई: तरी.

चिऊ: पण आई, ते खालून तुलाच हाका मारतायत.