तीन दिवसांत बरा झालेला घोटा

ओहायोतल्या त्या शाळेत, खेळाडूंच्या उपचारखोलीबाहेरच्या बाकावर नोरीन लेकीची वाट पाहत बसली होती. आत घोटा दुखावलेली टेस ही दुसरीच मुलगी होती, आणि तिचे वडील उपचार करणाऱ्या लोर्नाशी बोलत होते. दार उघडंच होतं.

“ही सही कशाला?”

“विम्यासाठी, मिस्टर क्रूस. यंदापासून उपचारांचे पैसे विमा कंपनी देते.”

“दर खेपेचे?”

“हो, दर खेपेचे.”

“अच्छा! शाळा तुम्हाला पगार देत होती तेव्हा घोटा तीन दिवसांत बरा झाला, आणि आता म्हणे सहा आठवडे लागणार?”

“सूज बघा ना तुम्हीच.”

“सूज गेल्या वर्षीही होती. घोटा तोच, मुलगी तीच. नवा आहे तो फक्त हा कागद. शुक्रवारी ती खेळणार.”

“त्या पायावर तीन उड्या मारू दे तिला, आत्ता सोडते.”

“मार गं टेस. गेल्या वर्षी कशी चौथ्या दिवशी धावलीस!”

“डॅड, तेव्हा तो बरा झालाच नव्हता.”

“मग धावलीस कशी?”

“तू रोज मैदानाच्या जाळीपाशी उभा असायचास.”

आत बर्फाची पिशवी सरकल्याचा आवाज आला. नोरीन उगाच आपल्या बुटांकडे बघत राहिली.

“लोर्ना, पेन आहे का तुमच्याकडे?”