अल्टो सॅक्सोफोन रीतसर विकत घेतल्याबाबत

मी, गल्लीत 'कुकरवाली' म्हणून ओळखली जाणारी, वय बावन्न वर्षे, धंदा कुकर व शेगड्या दुरुस्ती, स्वतःचे दुकान, राहणार दुकानाच्याच वरच्या खोलीत. खरे नाव ओळखपत्रावर आहे, त्याची झेरॉक्स जोडली आहे. पोलीस ठाण्यातून निरोप आल्यावरून आज सकाळी दहा वाजता स्वतःच्या पायांनी आले आणि समक्ष सांगते की,

मूळ विषयाआधी माझी एक तक्रार लिहून घ्यावी. मला ज्या बाकावर बसवले त्याच्यासमोर पिण्याच्या पाण्याचे पिंप आहे. त्याचा नळ गळतो. मिनिटाला अडतीस थेंब. गळतीवर पोट असलेल्या बाईला दीड तास त्या नळासमोर बसवणे म्हणजे चौकशीआधीच शिक्षा सुरू करणे होय. मी पाना मागितला. "सरकारी मालमत्तेला हात लावता येत नाही, मावशी," असे जबाब लिहून घेणारे हवालदार म्हणाले. थेंबांना तशी मनाई दिसली नाही.

साहेबांच्या टेबलावर काळ्या पेटीत असलेला अल्टो सॅक्सोफोन माझा आहे. तो मी एकोणीस दिवसांपूर्वी एका निवृत्त बँडमास्तरांकडून, वय अठ्ठ्याहत्तर, त्यांच्या राहत्या घरी विकत घेतला. त्यांच्या मुलाने, धंदा विमा एजंट, अर्ज दिला आहे की म्हाताऱ्या माणसाच्या भोळेपणाचा फायदा घेऊन मी चाळीस हजारांचे वाद्य अठरा हजारांत लाटले आणि ते पुढे विकून नफा करण्याचा माझा बेत आहे. माझे म्हणणे खरे ठरले नाही तर वाद्य मुद्देमाल म्हणून मागच्या खोलीत जाईल आणि निकाल लागेपर्यंत तिथेच राहील, असे साहेबांनी समजावले. निकाल कधी लागतो, असे मी विचारले. साहेब छताकडे पाहू लागले. मागच्या खोलीत ओल आहे. वाद्यात चामड्याच्या गाद्या असतात, त्यांना ओल चालत नाही.

या वयात सॅक्सोफोन कशाला, असे मला विचारण्यात आले. पती हयात नाहीत, चार वर्षे झाली. दिवसभर दुकानात शिट्ट्या असतात. संध्याकाळी वर गेल्यावर काही नसते. याहून अधिक माहितीचा अर्जाशी संबंध नाही, सबब ती सांगायची नाही.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी दुपारी मी बाजारातल्या वाद्यांच्या मोठ्या दुकानात गेले. विक्रेत्याने विचारले, "नातवासाठी का, मॅडम?" माझ्यासाठी, असे सांगितल्यावर त्याने मला बासरी दाखवली. बाईमाणसाला हलकी बरी, म्हणाला. मी रोज बावीस लिटरचा कुकर एका हाताने फडताळावरून काढते, हे त्याला सांगितले. मग त्याने खरी माहिती दिली, ती अशी: सॅक्सोफोन चार प्रकारचे. सगळ्यात लहान दिसायला सोपा पण सुरात राहत नाही, मोठे दोन मान मोडतात, शिकाऊ माणसाने अल्टो घ्यावा. हे बरोबर होते. मग त्याने सोनेरी, नवाकोरा अल्टो पांढरे हातमोजे घालून बाहेर काढला. मोजे पाहूनच मला शंका आली.

सॅक्सोफोन म्हणजे वाकडी पितळी नळी. तिला भोके, प्रत्येक भोकावर टोपी, टोपीच्या आत चामड्याची गादी. टोपी नीट बसली नाही की हवा गळते आणि सूर फाटतो. म्हणजे तो कुकरच आहे, फक्त त्याची शिट्टी शिकलेली आहे. मी माझी छोटी विजेरी नळीत सोडली, टोप्या दाबल्या आणि दुकानातला दिवा बंद करायला सांगितला. सहा ठिकाणांहून उजेड बाहेर आला. "हे डिझाइनच तसं असतं," असे विक्रेता म्हणाला. "मग गळकी बादली कारंजं म्हणून विका," असे मी म्हणाले. त्यावर त्याने दिवा लावला आणि जेवणाची सुट्टी झाली असल्याचे सांगितले. तेव्हा साडेचार वाजले होते.

त्यानंतर नवव्या दिवशी कपडे इस्त्रीला टाकते त्या दुकानाच्या भिंतीवर एक चिठ्ठी दिसली: 'अल्टो सॅक्सोफोन विकणे आहे. बारा हजार. वाजवणाऱ्यालाच.' ती चिठ्ठी मी काढून घेतली होती, सोबत जोडली आहे. त्याच संध्याकाळी सहा वाजता मी दिलेल्या पत्त्यावर तिसऱ्या मजल्यावर गेले. बँडमास्तरांनीच दार उघडले. घरात दुसरे कोणी नव्हते.

"वाजवता येतं?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग चिठ्ठी वाचता येत नाही?"

"वाचता येते. फुंकताही येतं. एकोणतीस वर्षं बर्नर फुंकते आहे."

त्यांनी मला वर-खाली पाहिले आणि वरचे पुढचे दात शाबूत आहेत का, असे विचारले. वाद्याचा तोंडाकडचा भाग त्या दातांना टेकतो. मी हसून दाखवले. मग त्यांनी पेटी उघडली.

वाद्य जुने होते. सोनेरी रंग हात लागतो तेवढाच उडालेला होता, म्हणजे ते कोणीतरी खरोखर वाजवलेले. मी पातळ कागदाची पट्टी एकेका टोपीखाली धरून, टोपी दाबून पट्टी ओढून पाहिली. पट्टी अडली तर टोपी बसली, सुटली तर गळते. एकवीस टोप्यांनी पट्टी धरली. खालच्या दोघींनी सोडली. यात पंचवीस मिनिटे गेली. बँडमास्तर खुर्चीत बसून पाहत होते.

इथे शहाण्या गिऱ्हाइकाने तोंड वाकडे करून दोन हजार तरी कमी करून घेतले असते. मी पिशवीतून पेचकस काढला. टोप्या उतरवल्या, बँडमास्तरांच्या सांगण्यावरून गादीमागची लाख मेणबत्तीवर ऊन केली, गाद्या सरळ केल्या, टोप्या परत बसवल्या.

"बाई, लोक आधी भाव ठरवतात, मग दुरुस्ती करतात," ते म्हणाले.

"गळती दिसली की माझा हात राहत नाही."

त्यांनी वाद्य तोंडाला लावले आणि सगळ्यात खालचा सूर काढला. तो थोडाच वेळ टिकला, कारण त्यांना दम लागला. पण तो फाटला नाही. समोरच्या कपाटाची काच थरथरली. बँडमास्तरांनी वाद्य मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "बारा हजार हा गळक्याचा भाव होता. आता अठरा."

मी अठरा दिले. माझे दीर हे ऐकून म्हणाले, "वहिनी, आपल्याच हाताने माल महाग करून विकत घेणारी तुमच्याशिवाय कोण असणार!" म्हणजे यात कोणाची फसवणूक झाली असेलच तर ती माझी, आणि माझी काही तक्रार नाही. मी लावलेल्या गाद्यांचा भाव सहा हजार झाला. आजवर माझ्या कामाला एवढा भाव कोणी दिला नव्हता. तो मीच दिला, ही गोष्ट वेगळी.

आज माझे म्हणणे एवढे सांगून झाले असता साडेबारा वाजता बँडमास्तर काठी टेकत ठाण्यात आले. त्यांचा मुलगा माझ्या समोरच बसला होता. तो उठला.

"बाबा, तुम्ही कशाला आलात? आणि एकटे?"

"माझं डोकं ठिकाणावर नाही असं तू लिहून दिलंस म्हणे. म्हटलं, साहेबांना दाखवायला सोबतच घेऊन जावं."

"अहो, तो जुन्या वस्तूंचा व्यापारी चाळीस हजार देत होता! तुमच्याच औषधपाण्याला आले असते ना."

"तो काचेच्या कपाटात शोभेला ठेवणार होता." मग बँडमास्तर साहेबांना म्हणाले, "साहेब, हे वाद्य आमच्या घरात चाळीस वर्षं होतं. याला टोप्या किती, तेवढं या आमच्या चिरंजीवांना विचारा."

"असतील दहा-बारा," मुलगा म्हणाला.

"तेवीस," असे मी म्हणाले. मला कोणी विचारले नव्हते, त्याबद्दल दिलगीर आहे.

बँडमास्तरांनी स्वखुशीने विकल्याचे स्वतःच्या हाताने लिहून दिले. तरी मुलाचे म्हणणे पडले की बाईंना वाजवता येत नाही, तेव्हा त्या पुढे विकणारच. साहेबांनी मला विचारले, "येतं का वाजवता?" एकोणीस दिवसांत जेवढे येते तेवढे येते, असे मी सांगितले. साहेबांनी पेटी माझ्याकडे सरकवली.

मी पट्टा गळ्यात अडकवला. वेताची पातळ पट्टी, जिला रीड म्हणतात, ती जिभेवर ओली करून बसवली. शिकाऊ माणसाने मऊच रीड घ्यावी, मी दोन नंबरची घेतली आहे. मला गाणे येत नाही. लांब सूर येतो. तो मी लावला. हवालदारांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिले, एकवीस सेकंद. लिहिणे थांबले होते. कोठडीतून कोणीतरी 'वन्स मोअर' ओरडले, त्या इसमास मी ओळखत नाही.

"सूर जरासा खाली आहे," बँडमास्तर म्हणाले. "पण गळत कुठेच नाही."

 मुलाने वडिलांना विचारले, "तुम्ही का सोडलंत वाजवायचं? मला वाटलं, कंटाळलात."

"माझ्याच छातीला गळती आहे, बाळा. डॉक्टरांकडे तिचं गॅस्केट मिळत नाही."

मुलाने अर्ज मागे घेतला. कारण 'गैरसमज' असे लिहिले. साहेबांनी वाद्य माझ्या ताब्यात दिले, ते मी तेवीसही टोप्या तपासून घेतले. बँडमास्तरांनी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, शिकवायला बोलावले आहे. जिने मी चढायचे, असे ठरले.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी तो ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, धाक कोणाचा नव्हता. पुढची चार वाक्ये मोठ्याने वाचू नयेत, बँडमास्तर शेजारीच बसले आहेत. मुलाने आणायला नकार दिल्यामुळे ते माझ्यासाठी स्वतःच्या खर्चाने टॅक्सी करून आले. भाडे किती झाले, ते मी दारावरच्या शिपायाकडून विचारून घेतले. ते सही करायला वाकले तेव्हा तेवढे पैसे त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात ठेवले आहेत. त्यांना कळवू नये.

सही